एक्स्चेंजविना घरी आयपी फोन
सातपूर किंवा अंबडमधील एखाद्या कार्यालयाने वापरातून काढलेला आयपी फोन, म्हणजे नेटवर्कवरून कॉल करणारा टेबलावरचा फोन, नाशिकमध्ये घरी चालवायचा, तर ईपीएबीएक्स (कार्यालयातील अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) लागतोच असे नाही. एसआयपी, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडण्याची प्रमाणित पद्धत, वापरून सेवा देणाऱ्या कंपनीचे खाते पुरते. मात्र फोन एसआयपीवर चालतो का, हे घेण्यापूर्वीच पाहावे, कारण सिस्कोचे काही जुने फोन त्या कंपनीच्या स्वतःच्या स्किनी प्रणालीवर चालतात आणि फर्मवेअर (फोनमधील मूळ सॉफ्टवेअर) बदलल्याशिवाय उपयोगी पडत नाहीत.

कार्यालयात अशा फोनला वीज बहुधा नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते. घरच्या राउटरमध्ये ती सोय सहसा नसल्याने त्या मॉडेलचा अडॅप्टर किंवा पीओई इंजेक्टर (नेटवर्कच्या केबलमध्ये वीज सोडणारे छोटे उपकरण) घ्यावा, आणि पावसाळ्यातील वीजखंड लक्षात घेऊन फोन व राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर जोडावेत.

आधी फॅक्टरी रीसेट करून जुने खाते पुसावे. मग फोनच्या मेनूत दिसणारा आयपी पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५, ब्राउझरमध्ये टाकला की सेटिंगचे पान उघडते. तेथे सर्व्हरचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड भरावा. पोर्ट बहुधा ५०६० असतो. कोडेक, म्हणजे आवाजाचे डिजिटल रूपांतर करण्याची पद्धत, जी.७११ ठेवल्यास एका कॉलला प्रत्येक दिशेने सेकंदाला सुमारे ९० किलोबिट लागतात, म्हणजे साधे ब्रॉडबँडही पुरते.

घंटी वाजते पण आवाज एकाच बाजूने येतो, ही सर्वांत पिडणारी तक्रार. तिचे मूळ अनेकदा राउटरमधील एसआयपी एएलजी या, कॉलच्या संदेशांत फेरफार करणाऱ्या सोयीमध्ये असते, ती बंद करावी. फोनचा मूळ पासवर्ड बदलावा आणि त्याचे सेटिंगचे पान बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून, उघडेल असे पोर्ट फॉरवर्डिंग राउटरमध्ये मुळीच करू नये, अन्यथा चोरट्यांनी लावलेल्या परदेशी कॉलचे बिल आपल्याच माथी येऊ शकते.