नागरिकशास्त्र शिकवायचंय? बी.एड. आणि एम.ए.च्या फीची सोय

शोधाशोध करताना अमेरिकेतली जेम्स मॅडिसन फेलोशिप सापडते: इतिहास-नागरिकशास्त्राच्या शिक्षकांना पदव्युत्तर शिक्षणासाठी 24,000 डॉलरपर्यंत. ती अमेरिकी नागरिकांसाठीच आहे, तेव्हा पुढे चला. मुंबईत आपलं काम पडतं ते महाडीबीटीशी, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलशी.

आधी एक गोष्ट पक्की करा. दहावीच्या 40 गुणांच्या ‘इतिहास व राज्यशास्त्र’ पेपरात राज्यशास्त्राला 12 गुण. एवढ्यासाठी शाळा वेगळा शिक्षक घेत नाही, त्यामुळे बी.ए. राज्यशास्त्रात असलं तरी बी.एड.ला इतिहासाची अध्यापन पद्धती घेतलेली बरी.

बी.एड.चा प्रवेश सीईटी (प्रवेश परीक्षा) देऊन कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती (सगळे तिला ईबीसी म्हणतात) मॅनेजमेंट कोट्याला मिळत नाही. घराजवळचं कॉलेज मिळावं म्हणून कोट्यातून जागा घेणारे दोन्ही वर्षांची सवलत घालवून बसतात. कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. मुलांना शिक्षण शुल्काच्या 50 टक्के मिळतात. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून 100 टक्के. इतर शुल्क मात्र खिशातून जातं. आझाद मैदानाजवळचं सरकारी सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज पसंतीक्रमात वर ठेवा, खर्च मुळातच कमी.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच लागतो, फॉर्म 16 चालत नाही. उपनगरवाल्यांचे तहसील अंधेरी, बोरिवली किंवा कुर्ला. शहरवाल्यांचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टात, जुन्या जकात घरात. निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात, म्हणून दाखल्याचा अर्ज एप्रिल-मेमध्येच टाका. बी.ए.नंतर खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र हवं. लग्न झालेल्यांचं दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आणि आधारवर सासरचं नाव असतं; विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडलं नाही तर कॉलेजच्या लॉगिनमधूनच अर्ज परत येतो. परत आलेला अर्ज त्रुटी काढून पुन्हा पाठवायचा असतो, आणि तिथेच बरेचजण सुस्तावतात. पोर्टल रोज उघडून बघा, मेसेजची वाट बघू नका.

मंजूर झालेले पैसे अडकतात ते बँकेत. खात्याला आधार ‘लिंक’ असणं पुरेसं नाही, एनपीसीआयवर (बँकांमधले व्यवहार चालवणारी राष्ट्रीय संस्था) मॅपिंग लागतं, म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे कोणत्या खात्यात जायचे याची नोंद, आणि ते एका वेळी एकाच खात्याचं होतं. मध्येच नवं खातं उघडून तिथे आधार जोडलात, तर हप्ता त्या खात्यात जातो. मग जुन्याचं पासबुक भरत बसायचं!

अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवायचं तर 50 टक्क्यांसह एम.ए. आणि बी.एड. दोन्ही हवं. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागात पूर्णवेळ एम.ए. करणाऱ्यांनी यूजीसीची पदव्युत्तर शिष्यवृत्ती बघावी: महिना 15,000, वर्षातले 10 महिने, वय 30पर्यंत, निवड पदवीच्या गुणांवर, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. दूरशिक्षणाला ती नाही. नोकरीतल्या शिक्षकांना मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण किंवा इग्नू सोयीचं. शिष्यवृत्तीच्या आशेवर बिनपगारी रजा टाकण्यापेक्षा ती फी पगारातून भरणं स्वस्त पडतं.