फ्लटर ॲपमध्ये इन-ॲप पर्चेस कसं बसवायचं

तुमचं ॲप नौपाड्यातून घरगुती डबे पोचवत असेल किंवा घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचा मेंटेनन्स गोळा करत असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. डबा ॲपच्या बाहेर खाल्ला जातो. अशा वस्तूंसाठी आणि सेवांसाठी गुगल प्लेचं बिलिंग चालत नाही, तिथे यूपीआय किंवा पेमेंट गेटवेच लावायचा. पण विकायची गोष्ट ॲपच्या आतच वापरायची असेल तर स्टोअरचं बिलिंग लागतं; यालाच इन-ॲप पर्चेस म्हणतात. उदाहरणादाखल ठाणे–वाशी लोकलमध्ये ऐकायच्या मराठी कथांचं ॲप घेऊ: पहिल्या पाच कथा फुकट, बाकीच्या एकदा १९९ रुपये भरले की कायमच्या खुल्या.

एवढ्या कामासाठी स्वतःचा डॅशबोर्ड आणि सर्व्हर पुरवणाऱ्या मोठ्या सेवांची गरज नाही. फ्लटरच्या (एकाच कोडवरून अँड्रॉइड आणि आयफोनची ॲप बनवायच्या गुगलच्या साधनाच्या) टीमचंच ‘इन_ॲप_पर्चेस’ हे पॅकेज पुरतं. ते अँड्रॉइडवर गुगलच्या बिलिंग लायब्ररीशी आणि आयफोनवर ॲपलच्या स्टोअरकिटशी बोलतं, बाकी काही करत नाही. खरेदी खरी आहे का हे तपासणं आणि कथा उघडून देणं तुमच्याकडेच राहतं.

आधी कन्सोल

‘प्रॉडक्ट सापडत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा कोडमध्ये नसतंच. प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे गुगल प्लेवरचं ॲप सांभाळायच्या वेबसाइटवर, बँक खात्यासह पेमेंट्स प्रोफाइल पूर्ण करा. पॅकेज घातलेलं बिल्ड एकदा इंटर्नल टेस्टिंगवर चढवा आणि मग वन-टाइम प्रॉडक्ट तयार करा. त्याचा आयडी रोमन लिपीतली छोटी अक्षरं, आकडे, अंडरस्कोअर आणि टिंब यांतच बसवायचा. आयडीत किंमत घालू नका. १९९ चे उद्या २४९ होतील, पण आयडी बदलता येत नाही आणि प्रॉडक्ट काढून टाकलं तरी तोच आयडी पुन्हा वापरता येत नाही. शेवटी प्रॉडक्ट ॲक्टिव्हेट करायचं; हे बटण हमखास विसरलं जातं.

आयफोनसाठी ॲप स्टोअर कनेक्टमधला (ॲपलच्या तशाच वेबसाइटवरचा) पेड ॲप्सचा करार, बँक आणि कराचे फॉर्म पूर्ण हवेत. करार लागू नसेल तर कुठलीही स्पष्ट सूचना न देता प्रॉडक्टची यादी रिकामी येते. एक्सकोडमध्ये इन-ॲप पर्चेसची केपेबिलिटीही जोडा.

कोड

पर्चेस स्ट्रीम (खरेदीची प्रत्येक घडामोड कळवणारा प्रवाह) ऐकणारा लिसनर ॲप सुरू होतानाच, सगळ्यात वरच्या विजेटमध्ये लावा. खरेदीच्या स्क्रीनवर नको. आपल्याकडे माणूस ‘विकत घ्या’ दाबतो, पिन टाकायला यूपीआय ॲपमध्ये जातो आणि कमी रॅमच्या फोनवर तेवढ्यात मागचं ॲप बंद पडतं. पैसे भरून तो परत येतो तेव्हा खरेदीची स्क्रीन उघडी नसते. याच कारणासाठी अँड्रॉइड मॅनिफेस्टमध्ये मुख्य ॲक्टिव्हिटीचा लाँच मोड ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिंगलटॉप’च ठेवा. दुसरा कुठला असेल तर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन येईपर्यंत खरेदी रद्द होऊ शकते, आणि मग ग्राहकाने स्वतःच रद्द केली असेल असं समजून तुम्ही भलतीकडेच शोधत बसता.

लिसनरनंतर स्टोअर उपलब्ध आहे का ते विचारा, आयडी देऊन प्रॉडक्टचा तपशील मागवा आणि न सापडलेल्या आयडींची यादी लॉगमध्ये छापा. किंमत तपशिलात जशी येते तशीच दाखवा. स्वतः ‘₹१९९’ लिहून ठेवलंत तर दुबईतल्या मराठी माणसालाही रुपयेच दिसतील.

मग ‘बाय नॉन-कन्झ्युमेबल’ (एकदा घेतली की न संपणारी गोष्ट विकत घेण्याची विनंती) बोलवा. ते ‘ट्रू’ परत देतं, पण त्याचा अर्थ विनंती स्टोअरकडे गेली एवढाच. त्यावर कथा उघडू नका. निकाल स्ट्रीमवर येतो.

स्थिती ‘पेंडिंग’ असेल तर पैसे अजून आलेले नाहीत. ‘पेमेंट पूर्ण व्हायचं आहे’ असा निरोप दाखवा, कुलूप तसंच राहू द्या. ‘पर्चेस्ड’ किंवा ‘रिस्टोअर्ड’ (आधी केलेली खरेदी परत मिळाली) आली तर आधी पडताळणी, मग कथा उघडून ती नोंद साठवणं, आणि सगळ्यात शेवटी ‘कम्प्लीट पर्चेस’. हा क्रम उलटा करू नका. कम्प्लीट आधी केलं आणि त्याच क्षणी ॲप बंद पडलं, तर गुगलच्या लेखी व्यवहार संपला आणि ग्राहकाच्या हाती काहीच नाही. आधी कथा उघडल्या आणि कम्प्लीट राहून गेलं, तर पुढच्या वेळी ते उरकता येतं. मात्र अँड्रॉइडवर त्याला ३ दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात ‘कम्प्लीट पर्चेस’मधून जाणारी पोच गेली नाही तर गुगल पैसे परत करून खरेदी रद्द करतं. विक्री होते आणि तीन दिवसांनी आपोआप रिफंड पडतो, असं दिसलं तर आधी इथेच बघा.

आयफोनवर फसलेला किंवा रद्द झालेला व्यवहारही ‘पेंडिंग कम्प्लीट’ची खूण असेल तर पूर्ण करावा लागतो. नाहीतर तेच प्रॉडक्ट पुन्हा घेताना अडतं.

नाणी, हिंट असल्या संपणाऱ्या गोष्टी पहिल्या आवृत्तीत नकोच. विकायच्याच असतील तर अँड्रॉइडवर ‘ऑटो कन्झ्यूम’ बंद करा. ते चालू असलं की ग्राहकाच्या खात्यात नाणी पडण्याआधीच खरेदी खर्ची पडते.

पडताळणी सर्व्हरवर करा. एक छोटं क्लाउड फंक्शन पुरतं. अँड्रॉइडचा पर्चेस टोकन, म्हणजे त्या खरेदीची ओळखखूण, गुगल प्ले डेव्हलपर एपीआयला विचारायचा. उत्तरात खरेदीची स्थिती ० म्हणजे पैसे मिळाले, १ म्हणजे रद्द, २ म्हणजे पेंडिंग. टोकन डेटाबेसमध्ये युनिक ठेवा, म्हणजे एकच टोकन दहा जणांनी वापरला तरी कळेल. ‘रिस्टोअर्ड’ म्हणून आलेली खरेदीही याच वाटेने न्या.

रिस्टोअर

अँड्रॉइडवर ॲप उघडताना गुपचूप रिस्टोअर (आधीच्या खरेद्या परत मागवणं) बोलवा. बाहेर पूर्ण झालेली पेंडिंग खरेदी त्यातच हाती लागते. आयफोनवर त्यासाठी पासवर्ड मागितला जाऊ शकतो, म्हणून तिथे वेगळं बटण द्या. ते नसेल तर ॲपलचा रिव्ह्यू ॲप परत पाठवतो. खरेदीची नोंद फोनवरही ठेवा. ऐरोली–रबाळेदरम्यान नेटवर्क गेलं म्हणून पैसे भरलेल्याची कथा थांबता कामा नये. स्टोअरचं उत्तर नीट आलं आणि त्यात खरेदी नाही, तेव्हाच कुलूप लावायचं. उत्तरच न येणं ही वेगळी गोष्ट.

टेस्टिंग

प्ले कन्सोलच्या लायसन्स टेस्टिंगमध्ये जीमेल पत्ता घाला. फोनवरच्या प्ले स्टोअरमध्ये तेच खातं हवं. मग पैसे न कापता टेस्ट कार्डं मिळतात: लगेच मंजूर, लगेच नामंजूर, आणि काही मिनिटांनी मंजूर किंवा नामंजूर होणारी दोन संथ कार्डं. संथ कार्डांवरच जास्त वेळ घालवा, कारण अडकलेलं यूपीआय पेमेंट तुमच्या ॲपला असंच दिसतं. मंजूर होणारं संथ कार्ड निवडल्यावर ॲप रिसेंट्समधून उडवून द्या, थोडं थांबा, पुन्हा उघडा. कथा खुल्या झाल्याच पाहिजेत. टेस्ट खरेदीत पोच न दिल्यास ३ मिनिटांतच रिफंड होतो, त्यामुळे ती चूक इथेच पकडता येते. तेच प्रॉडक्ट पुन्हा घेऊन बघायचं असेल तर कन्सोलच्या ऑर्डर्समधून रिफंड देताना हक्क काढून घेण्याचा पर्याय निवडा. नाहीतर ‘आधीच घेतलेलं आहे’ हीच एरर येत राहील.

आयफोनचं पहिलं इन-ॲप प्रॉडक्ट ॲपच्या नव्या आवृत्तीला जोडूनच रिव्ह्यूला पाठवावं लागतं. अँड्रॉइडच्या बिलिंग लायब्ररीची प्रत्येक मोठी आवृत्ती साधारण दोन वर्षांत बाद होते आणि त्यानंतर जुन्या आवृत्तीचं अपडेट प्ले स्वीकारत नाही. म्हणून ॲपमध्ये दुसरं काही बदलायचं नसलं तरी वर्षातून एकदा हे पॅकेज अपडेट करून संथ कार्डांची टेस्ट पुन्हा चालवा.