‘पेरि’ने सुरू होणारे इंग्रजी शब्द कसे लक्षात ठेवावेत

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये मराठी माध्यमातून शिकून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ‘पेरि’ने सुरू होणारे इंग्रजी शब्द एकेक पाठ करत बसण्याऐवजी त्यांतील ग्रीक उपसर्ग आधी वेगळा काढावा. त्याचा अर्थ ‘भोवती’ असा असून ‘परिमिती’, ‘परिसर’ या शब्दांतील आपला ‘परि’ त्याच कुळातला आहे. रावेरकडील केळीची बाग 60 मीटर लांब आणि 40 मीटर रुंद असेल, तर तिच्या भोवतीचे 200 मीटर कुंपण म्हणजेच तिचा पेरिमीटर होय.

उपसर्गानंतर उरलेला भागही बहुधा ग्रीक असतो आणि खरी किल्ली तोच असतो. ‘कार्डिया’ म्हणजे हृदय, म्हणून पेरिकार्डियम हे हृदयाभोवतीचे आवरण. ‘ऑस्टिऑन’ म्हणजे हाड, म्हणून पेरिऑस्टियम हे हाडाभोवतीचे. तर ‘कार्पोस’ म्हणजे फळ, त्यामुळे पेरिकार्प ही बियांभोवतीची फलभित्ती ठरते. खगोलशास्त्रात मात्र हा अर्थ ‘जवळ’कडे झुकतो: पेरिहेलियन हा ग्रहकक्षेतील सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू असून, पृथ्वी तेथे जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्याकडे ऐन थंडीत, सूर्यापासून सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर असते. पेरिनेटलमध्ये ‘भोवती’ कालवाचक होऊन जन्माच्या आगेमागे असा अर्थ येतो.

धोका या अर्थाचा ‘पेरिल’ आणि नष्ट होणे या अर्थाचा ‘पेरिश’ हे दोन्ही लॅटिनमधून आलेले असल्याने त्यांना ही युक्ती लावू नये.