फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून मोटरहोमने फिरताय? रात्रीच्या मुक्कामाच्या या चुका टाळा

आधीच सांगते, फ्रान्समध्ये मोटरहोम उभी करायला जागा मिळत नाही असं अजिबात नाहीये. याबाबतीत इतका दिलदार देश मी तरी दुसरा बघितला नाही. गावोगावी तिथल्या ग्रामपंचायतीने कॅम्पिंग-कारसाठी (मोटरहोमला तिकडे हेच म्हणतात) जागा राखून ठेवलेली असते, तिला 'एर' म्हणायचं, कुठे फुकट, कुठे पाच-दहा युरो, कुठे नदीकाठी तर कुठे गावाबाहेरच्या स्टेडियमच्या मागे. एवढं सगळं असून आम्ही नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनहून केलेल्या दोन ट्रिपांमध्ये मिळून निदान सहा रात्रींची वाट लावून घेतली, आणि सहाच्या सहा वेळा चूक आमचीच होती. म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

उशिरा पोचणं

बाकी सगळ्या चुका या एका चुकीची पिल्लं आहेत, त्यामुळे हिच्यावर जास्त बोलते. आपल्याला सवय कशी असते, दिवसभर फिरायचं, अंधार पडला की हॉटेल गाठायचं. मोटरहोममध्ये तर वाटतं घर बरोबरच आहे, मग घाई कसली. माझा नवरा तर "अजून पंचवीस किलोमीटर, मग थांबूच" हे वाक्य दुपारी चारपासून सुरू करतो आणि साडेआठला संपवतो. नैऋत्य फ्रान्समधल्या दॉर्दोन्य भागात ला रोक-गाजाक म्हणून गाव आहे, वर सरळ उभा कडा, खाली नदी, मधे चिंचोळ्या पट्ट्यात घरं, फोटोत बघितलंत तर वेड लागेल. जुलै महिना, आम्ही पोचलो पावणेआठला. एर फुल्ल! फुल्ल म्हणजे आत एक सायकलसुद्धा मावली नसती. मग अंधार पडेपर्यंत अनोळखी रस्त्यांवरून दुसरी जागा शोधत फिरलो, मागे मुलगा भुकेने रडतोय, सासूबाई गप्प (त्या गप्प असल्या की समजायचं प्रकरण गंभीर आहे), आणि शेवटी कुठल्यातरी उतारावर गाडी तिरकी लावून झोपलो.

तिरकी गाडी म्हणजे फक्त अंगाखालची उशी घसरते असं नाही हं. मोटरहोममधला गॅसवर चालणारा फ्रिज बऱ्याचदा अ‍ॅब्सॉर्प्शनचा असतो आणि तो कलला की नीट थंड करत नाही. सकाळी दही आंबट आणि पनीरला वास. चाकाखाली घालायचे प्लास्टिकचे उतरते ठोकळे मिळतात, ते घ्याच, पण रात्री दहाला टॉर्चच्या उजेडात ते घालणं आणि संध्याकाळी पाचला शांतपणे घालणं यात फरक आहे.

आता आमचा नियम असा, जेवण झालं की दोन-अडीचला मुक्कामाची जागा ठरवायची, जवळ दुसरी एक मनात धरून ठेवायची, आणि जुलै-ऑगस्टमध्ये चार-साडेचारला पोचायचं. पाच वाजता तुम्ही पोचलात आणि जागा आवडली नाही तर हातात तीन-चार तास उजेड असतो, उन्हाळ्यात तर त्याहून जास्त. साडेआठला पोचलात की जे मिळेल ते गोड मानून घ्यायचं.

सगळ्यात सुंदर गावातच झोपायचा हट्ट

'फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं' अशी एक संस्थाच आहे, १९८२ मध्ये सुरू झाली, सँ-सिर्क-लापोपी, कोलोंज-ला-रूज वगैरे नावं त्यातलीच. बघायला जाच. पण झोपायला? तिथे सगळं जग येतं. पाच-सात किलोमीटर बाजूला एखादं बिननावाचं गाव असतं, एक चर्च, एक बेकरी, एक बुलं (धातूचे गोळे फेकायचा खेळ) खेळायचं मैदान, आणि एरवर तुमच्याशिवाय दोनच गाड्या. आम्हाला आठवणीत राहिलेल्या रात्री सगळ्या अशाच गावांतल्या आहेत.

लांबचा पल्ला असेल तर अजून एक गोष्ट, बिनटोलच्या हायवेलगतच्या छोट्या गावांना 'व्हिलाज एताप' असा दर्जा देतात, म्हणजे साधारण पाच हजारांपेक्षा कमी वस्तीचं गाव जिथे खायला, थांबायला, दुकानाला सोय आहे. ओर्लेआँच्या खाली व्हिएर्झोंपासून ब्रीवपर्यंत ए-२० हायवेला टोल नाही, तिथे अशी गावं बरीच. ब्रीवच्या अलीकडे उझेर्श लागतं, तिथली एर जुन्या छोट्या स्टेशनाजवळ आहे, वरती गाव, खाली नदी.

ज्यांना हायवे सोडायचा कंटाळा येतो ते हायवेवरच्या विश्रांतीच्या जागेत झोपतात. नका झोपू. त्या जागांनाही 'एर'च म्हणतात, तिथेच नवख्यांचा गोंधळ होतो. रात्रभर ट्रकची इंजिनं चालू, आणि झोपेत असताना गाडी फोडून चोऱ्या होतात त्या मुख्यतः अशाच ठिकाणी. दहा मिनिटं आत गेलात तरी दुनिया बदलते.

बाजाराच्या पटांगणात गाडी लावणं

ही आमची सर्वांत गाजलेली चूक. गावाच्या मधोमध मस्त मोकळं पटांगण, चिनारसारखी झाडं, रात्री नऊला चिटपाखरू नाही, आम्ही म्हटलं वा वा, काय नशीब. पाटी होती, पण त्यावर बरंच फ्रेंच लिहिलेलं, 'मार्दी' वगैरे, आम्ही म्हटलं असेल काहीतरी मंगळवारचं. सोमवारची रात्र होती हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

पहाटे पाच-सव्वापाचला दारावर थाप. बाहेर एक दणकट काका, अंगात निळा डगला, मागे चीजची व्हॅन, तिच्यामागे भाजीची, तिच्यामागे कोंबड्या भाजायच्या मशीनची, आणि सगळ्यांचे हेडलाइट आमच्यावर. काका चिडले नव्हते, ते फक्त घड्याळाकडे बोट दाखवत होते. नवरा पायजम्यावर गाडी चालवतोय, मुलगा वरच्या बर्थवर झोपलेला, त्याला तसंच खाली ओढला कारण तिकडे झोपून प्रवास चालत नाही, कपाट उघडं राहिलेलं त्यातून पोह्यांचा डबा पडला आणि पुढचे दोन दिवस पायाखाली पोहे. आमचं नशीब की काका भले होते, नाहीतर बाजाराच्या दिवशी सरळ टो करून नेतात आणि सोडवायला चांगले पैसे मोजावे लागतात.

तेव्हा पाटीवरचे वार वाचायला शिका: लंदी, मार्दी, मेर्क्रदी, जदी, व्हांद्रदी, सामदी, दिमांश. 'सोफ' म्हणजे सोडून. बाजाराचा वार बेकरीत विचारला तरी सांगतात. सार्लासारख्या गावात बुधवारी आणि शनिवारी बाजार असतो, तिथे आदल्या रात्रीपासूनच सगळीकडे गर्दी. तसंच १४ जुलैच्या (फ्रान्सचा राष्ट्रीय दिन) आसपास आणि गावजत्रेच्या दिवसांत मोकळी पटांगणं अचानक नाच-गाण्याला आणि फटाक्यांना जातात. आणि बुलंच्या मैदानावर, म्हणजे बारीक खडीच्या त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर चाक घालू नका, ती पार्किंग नाहीये, गावच्या आजोबांचा जीव असतो त्यात.

गाडी उभी करणं आणि कॅम्पिंग करणं यातला फरक न कळणं

साध्या रस्त्यावर किंवा पार्किंगमध्ये मोटरहोम इतर गाड्यांसारखी उभी करता येते, आत झोपलात तरी ती उभी केलेली गाडीच, पण एकाच जागी सात दिवसांच्या वर नाही, आणि तिथल्या महापौरांनी बंदीची पाटी लावली असेल तर ती पाळायची. पण ज्या क्षणी तुम्ही छत बाहेर काढता, खुर्च्या मांडता, दोरीवर टॉवेल टाकता त्या क्षणी ते कॅम्पिंग झालं, आणि कॅम्पिंगला समुद्रकिनाऱ्यावर, संरक्षित जागांत, ऐतिहासिक वास्तूंच्या परिसरात मनाई असते. आम्ही एका तळ्याकाठी मस्त टेबल मांडून चहा घेत होतो, पोलीस आले, हसून बाँजूर म्हणाले, खुर्चीकडे बोट केलं, आणि आम्ही खुर्च्या आत घेईपर्यंत तिथेच उभे राहिले. दंड नाही झाला, पण चहा गार झाला.

अ‍ॅपवर आंधळा विश्वास

पार्कफोरनाइट, कॅम्परकाँटॅक्ट, दोन्ही वापरा, आम्हीही वापरतो, पण तारे बघू नका, शेवटचे चार-पाच अभिप्राय आणि त्यांच्या तारखा बघा. 'शांत जागा' असं फेब्रुवारीत कोणी लिहिलं असेल तर ऑगस्टमध्ये त्याचा उपयोग शून्य. फोटोत प्रवेशाजवळ आडवा दांडा दिसतोय का ते नीट बघा, बऱ्याच पार्किंगना दोन मीटरच्या आसपास उंचीचा अडसर असतो आणि आपली गाडी तीन मीटरच्या घरात. गाडीची उंची, रुंदी, वजन कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा, ऐन वेळी आठवत नाही आणि मग मागे हॉर्न वाजायला लागतात. फोनचा नकाशा तर गल्लीत घालायला टपलेलाच असतो, जुन्या गावाच्या कमानीखाली अडकून अर्धा किलोमीटर रिव्हर्स घेतल्याशिवाय हे पटत नाही.

पोचल्यावर इंजिन बंद करून पाच मिनिटं नुसतं ऐका. रेल्वेलाइन आहे का, चर्च किती जवळ आहे. खेड्यातली चर्चं रात्रभर तासाचे टोले देणारी असू शकतात, काही ठिकाणी तर तोच तास दोन-तीन मिनिटांनी परत एकदा, आणि सकाळी सातला प्रार्थनेची घंटा वेगळी. ऑक्टोबरमध्ये चेस्टनटच्या झाडाखाली झोपायचं नाही, छतावर ती काटेरी फळं पडतात तेव्हा कोणीतरी दगड मारतंय असंच वाटतं. ओल्या गवतावर तर पुढची चाकं कधीच नेऊ नका, बऱ्याच मोटरहोम पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या असतात, ती चाकं रुतली की खेळ खलास, मग सकाळी ट्रॅक्टरवाल्याच्या दारात उभं राहायचं.

पाणी आणि संडास शेवटच्या क्षणावर ठेवणं

सगळ्या एरवर पाणी नसतं. नुसती उभं राहायची एर वेगळी, आणि पाणी भरणं, सांडपाणी सोडणं, टॉयलेटची कॅसेट (म्हणजे मैला साठायची काढता येणारी टाकी) रिकामी करणं ही सोय असलेली वेगळी. त्या मशीनला कधी कार्ड चालतं, कधी टोकन लागतं, ते टोकन मिळणार बेकरीत नाहीतर पर्यटन कार्यालयात, आणि ते बऱ्याचदा सोमवारी बंद, बाकी दिवशी दुपारी बारा ते दोन बंद. थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून पाणीच बंद ठेवतात. म्हणजे कॅसेटचा लाल दिवा लागेपर्यंत थांबू नका, मिळेल तिथे रिकामी करा. आणि कॅसेट धुवायचा नळ आणि प्यायच्या पाण्याचा नळ वेगळे असतात, 'पोताब्ल' लिहिलेलाच प्यायचा. हे चुकवू नका, मी पुढे काही सांगत नाही.

काहीच मिळालं नाही तर

नगरपालिकेचं छोटं कॅम्पिंग शोधा, 'कॅम्पिंग म्युनिसिपाल', स्वस्त असतं, ऑफिस बंद झालं असलं तरी बऱ्याच ठिकाणी गाडी लावून सकाळी पैसे दिलेले चालतात. सप्टेंबर उलटला की मात्र बरीच बंद होतात.

शेतावर पाहुणे म्हणून जाताना

फ्रान्स पासिओं नावाची योजना १९९३ पासून आहे, वर्षाची वर्गणी भरायची, काचेवर स्टिकर लावायचा, मग द्राक्षमळेवाले, शेतकरी, चीज बनवणारे असे दोन हजारांहून जास्त लोक तुम्हाला आपल्या जागेत चोवीस तासांपर्यंत फुकट उभं राहू देतात. विकत घेतलंच पाहिजे असं नाही. पण इथेही चूक होते, लोक गाडी लावतात आणि थेट पडदे ओढतात. अहो, आपल्या गावी कोणाच्या अंगणात असे शिराल का? आधी उतरून बाँजूर माडाम, कुठे लावू विचारायचं, निघताना सांगून निघायचं, कचरा बरोबर न्यायचा.

लॉत भागात एका बकऱ्यांच्या फार्मवर आम्ही (पाचच्या आत!) पोचलो, गमबूट घातलेल्या बाईंनी दूध काढणं दाखवलं, सासूबाईंनी भाषेशिवायच त्यांच्याशी पाऊण तास गप्पा मारल्या, रोकामादूरचं ते छोटं गोल चीज घेतलं. सगळं दृष्ट लागण्यासारखं. रात्री नऊला सासूबाईंनी वरणभाताचा कुकर लावला. त्या शांततेत पहिली शिट्टी झाली आणि कुत्रा पिसाळल्यासारखा भुंकायला लागला, दुसऱ्या शिट्टीला बकऱ्यांचा गोंधळ, तिसरीला बाई टॉर्च घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं आमचा गॅस लीक झाला. सासूबाईंनी दार उघडून त्यांना कुकर दाखवला, मग झाकण, मग शिट्टी, मग एका वाटीत वरणभात आणि वर लिंबाचं लोणचं. बाईंनी उभ्याउभ्याच खाल्लं, लोणच्याला मात्र डोळे मोठे केले.

तेव्हापासून आमच्या गाडीत कुकर दुपारीच लागतो.