टेन्शन आल्यावर होणाऱ्या चुका, आणि त्या कशा टाळायच्या

"टेन्शन नको घेऊ बे, होऊन जाते." नागपुरात परीक्षेपासून मुलाखतीपर्यंत सगळ्यांसाठी हा एकच सल्ला. प्रेमाने दिलेला असतो, पण कामाचा फारसा नाही. टेन्शन हौसेने कोण घेतं? ते येतंच. आल्यावर आपण त्याचा अर्थ काय लावतो, तिथे घोळ होतो.

धडधडीला घाबरणं

प्रश्नपत्रिका हातात पडते, छाती धडधडते, तळहाताच्या घामाने ओएमआर शीटचा कोपरा ओला होतो. लगेच मनात येतं, 'गेलं सगळं, आता काही आठवत नाही.' खरं तर ॲड्रेनालिन हे संप्रेरक वाढलं की हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो. शरीर कामाला लागलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जीआरई या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. अशी धडधड पेपरला मदतही करू शकते, एवढंच काही जणांना आधी सांगितलं. गणितात त्यांना इतरांपेक्षा जास्त गुण पडले.

म्हणून त्या क्षणी 'शांत हो, शांत हो' असा जप नको. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगात भाषणाआधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी उत्साहात आहे' म्हणणारे सरस बोलले. आपल्याकडे 'चल बे, होऊन जाऊ दे!' म्हणा आणि लगेच एक सोपा प्रश्न शोधून त्याचा गोल काळा करा. नुसतं म्हणत बसलात तर वेळ जाईल.

शरीराची तक्रार मनाच्या माथी मारणं

मे महिना, पारा ४५ च्या घरात, रात्री लाइट गेली, कूलर बंद, झोपेचं खोबरं, वर सकाळी उपाशीपोटी दोन कप चहा. यानंतर छाती धडधडली तर त्यात मानसिकतेचा काय दोष? आधी पाणी प्या, चार घास खा, झोप भरून काढा.

'गणिताचं डोकंच नाही माझं'

क्षमता जन्मतःच ठरलेली असते, असं मानणाऱ्याला प्रत्येक वेळचे कमी गुण म्हणजे कायमचा निकाल वाटतो आणि तो लवकर हात टेकतो. मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांचं संशोधन याच समजुतीबद्दल आहे. पण 'मेहनत वाढव' हाही अर्धवटच उपाय. त्याच चुकीच्या पद्धतीने रात्री जागून काय होणार? सराव पेपर उघडा आणि प्रत्येक चुकलेल्या गणितापुढे ते कुठे अडलं ते लिहा: सूत्र आठवलं नाही, आकडेमोड चुकली, की प्रश्नच नीट वाचला नाही? बऱ्याचदा 'डोकं नाही' म्हणजे काळ-काम-वेग हा एकच धडा कच्चा असतो.

सगळंच विचारांवर ढकलणं

ही चूक मला सर्वांत वाईट वाटते. पगार दोन-दोन महिने अडकलाय, रोज बारा तास ड्युटी आहे, अशा माणसाला 'सकारात्मक राहा' सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. तिथे कामाचे तास, पैसे, मदतीला माणसं यांचं बघावं लागतं. आणि कित्येक आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतं, अशी अवस्था असेल तर घरच्या घरी उपाय करत बसू नका. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास चालू असतो. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.