जुनी मोटरहोम दुरुस्तीला काढताय? आधी अर्थिंग बघा

मागच्या दिवाळीत हरिहरेश्वरला रात्री आमच्या मोटरहोममधला, म्हणजे राहायची सोय केलेल्या गाडीतला, फ्रीज बंद पडला. आत आईचं इन्सुलिन होतं. पाण्याचा पंप दोन दिवस घरघरत होता, तो लागला की दिवे मंद व्हायचे. मी मीटर लावला, फ्रीज-दिवे चालवणारी मागची बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती. बॅटरी चांगली म्हणजे फ्रीजच गेला, असं मी ठरवून टाकलं. साडेअकराला शेजारच्या खानावळीतल्या काकूंना उठवून इन्सुलिन त्यांच्या फ्रीजमध्ये ठेवलं. पुण्याला आल्यावर नवा पंप घेतला, फरक शून्य. मग नवी बॅटरी घेतली. चार दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. शेवटी नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियननं मागचं सीट उचललं आणि चासीवरचा, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरचा, एक बोल्ट दाखवला. त्या बोल्टखाली मागच्या बॅटरीची अर्थची, म्हणजे मायनस चासीला जोडणारी, वायर कसलेली होती. थिंबलवर, म्हणजे वायरच्या टोकाला दाबलेल्या कडीवर, हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड, खाली गंज, त्याच्याही खाली चासीचा मूळ रंग तसाच. बाजूच्या प्लायवर तळहाताएवढा तपकिरी डाग पडला होता. त्यानं बोल्ट सोडवला, पॉलिश पेपरनं जागा घासून पांढरा धातू बाहेर काढला, नवं थिंबल दाबलं, आवळलं. वीस मिनिटांचं काम. फ्रीज आजतागायत चालू आहे.

म्हणून यंदा गाडी बाहेर काढण्याआधीची तयारी लिहून ठेवतोय. पान्हे, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, इन्सुलेशन टेप हे तुमच्याकडे असतंच. नसेल तर रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत होईल. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून बरा मल्टिमीटर, तांब्याची थिंबलं आणि ती दाबायची पक्कड घ्या. थिंबल साध्या पकडीनं चेपू नका, वायर आत सैल राहते. फ्यूज रंग बघून घ्या: लाल 10 अँपिअरचा, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30. जो उडाला तोच घालायचा. मोठा घातला तर फ्यूज वाचतो आणि वायर जळते. पॉलिश पेपर आणि पेट्रोलियम जेलीची डबी विसरू नका, अर्थसाठी लागणार आहे.

कामाला सुरुवात करताना हातातली अंगठी काढा. बॅटरी सोडवताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. उलटं केलंत आणि प्लसवरचा पान्हा बॉडीला टेकला तर ठिणगी उडेल. काहीही उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. जुन्या गाडीत तीन मालकांनी तीन रंगांच्या वायरी ओढलेल्या असतात, लक्षात राहत नाही.

आता अर्थ. सगळं बंद ठेवून मीटर लावू नका. मी तेच केलं होतं. करंटच वाहत नसेल तर गंजलेला सांधाही मीटरवर चांगला दिसतो. पंप, दिवे, पंखा, फ्रीज, सगळं एकदम चालू करा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन फ्रीजच्या मायनस वायरवर. शून्याच्या जवळ आकडा यायला हवा. 0.2 व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब आहे, दुसरं काही शोधत बसू नका. आमच्याकडे 2.2 आला होता. हिशोब करून बघा: सगळं मिळून 15 अँपिअर आणि त्या एका बोल्टवर 0.15 ओहमचा अडथळा, म्हणजे सव्वादोन व्होल्ट वाटेतच संपले. फ्रीजला मिळाले जेमतेम दहा. बॅटरी पार उतरू नये म्हणून 12 व्होल्टचे बहुतेक फ्रीज साडेदहाच्या आसपास स्वतःहून बंद होतात, तसा तो झाला. फ्रीजचा काहीही दोष नव्हता. आणि वाटेत संपलेले ते व्होल्ट त्या बोल्टवर उष्णता होऊन बाहेर पडतात, 30 वॉटच्या वर, म्हणजे लहान सोल्डरिंग गनइतकी. प्लायवरचा डाग त्याचाच. तो डाग आठवला की आजही माझ्या पोटात गोळा येतो, कारण त्या सीटवर आई झोपत होती.

अर्थचे बोल्ट एकच नसतात. मागच्या बॅटरीचा एक, पुढच्या बॅटरीचा एक, इंजिन ते चासी जाडी पट्टी एक, आणि आधीच्या मालकानं कुठेतरी लावलेले आणखी एक-दोन. सगळे शोधा. प्रत्येक सोडवा, घासा, आवळा, वरून जेली लावा. नुसता पान्हा फिरवून घट्ट आहे म्हणू नका, माझाही घट्टच होता. प्लसच्या बाजूलाही तसाच मीटर लावा, पण आधी अर्थ. एक घोळ टाळा: ही 12 व्होल्टची अर्थ वेगळी आणि सोसायटीच्या पार्किंगमधून 230 व्होल्टची लाइन घेता तिची अर्थ वेगळी. 230 च्या बाजूला स्वतः हात घालू नका, वायरमन बोलवा आणि 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, नसेल तर बसवून घ्या. असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा.

पुढची, म्हणजे इंजिनची, बॅटरी इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 दाखवते. कमी असेल तर तपासा: अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो), त्याचा पट्टा, आणि पुन्हा एकदा इंजिनची अर्थपट्टी.

गॅसच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. रबरी नळीवर तारीख छापलेली असते, उलटली असेल तर नळी बदला. सांधे साबणाच्या पाण्यानं तपासा, बुडबुडा आला की गळती. काडी पेटवून बघणारी माणसं अजूनही आहेत, त्यांना गाडीजवळ येऊ देऊ नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, फरशीवर साचतो, म्हणून खाली झरोका ठेवलेला असतो. झुरळं येतात म्हणून त्यात फडकं कोंबलेलं मी पाहिलंय. काढून टाका, हवं तर जाळी लावा. वास आला तर बटण, मीटर, मोबाइल कशालाही हात लावायचा नाही, सिलिंडर बंद करायचा आणि खाली उतरायचं. गाडी चालू असताना सिलिंडर बंदच हवा.

पाणी: सगळे नळ बंद असताना पंप अधूनमधून टकटक करत असेल तर कुठेतरी गळतंय. पंपाचा जोर कमी असेल तर आधी त्याची गाळणी उघडा, पुण्याच्या टँकरचं पाणी भरलं असेल तर ती गाळानं भरलेली सापडेल. गाळणी साफ असेल तर पंप विकत घेण्याआधी त्याच्या दोन वायरींवर, पंप चालू ठेवून, व्होल्ट मोजा. बारा मिळत नसतील तर पंप निर्दोष आहे. अर्थ बघा.

छप्पर पावसाळ्याआधी. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडल्याशिवाय नवं लावू नका, सिलिकॉनवर सिलिकॉन धरत नाही. नळीनं पाणी मारताना खालून वर जा, म्हणजे नेमकी फट कळते. प्लाय बोटानं दाबून बघा, मऊ लागला तर पाणी बरेच दिवस मुरतंय.

इंजिनचं फार सांगत नाही. ऑइल, कूलंट, पट्टे. आमच्यासारखी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर असेल तर तिची कंपनी आकुर्डीचीच, पुण्यात ते इंजिन उघडलेला मेकॅनिक शोधावा लागत नाही. ब्रेक ऑइल मात्र दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं, ताम्हिणी उतरताना तापलं की उकळतं आणि पेडल खाली जातं. चढताना जो गियर, तोच उतरताना. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी बाजूला चिरा दिसल्या तर टायर बदला.

कागद: गाडीत केलेला बदल आरसीवर नोंदलेला, विमा, पीयूसी, फिटनेस. आग विझवायचा सिलिंडर दाराजवळ, आत कोपऱ्यात नको. औषधांसाठी बर्फाचा वेगळा डबा, फ्रीज चांगला असला तरी.

निघायच्या आदल्या रात्री फ्रीज, दिवे, पंखा लावून ठेवा. सकाळी पंपही सुरू करा आणि मीटर घ्या. काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल फ्रीजच्या मायनसवर. 0.2 च्या आत आला तर किल्ली फिरवा, नाहीतर सीट उचला.