पिकअपचा सायलेन्सर बदलल्यावर आवाज वाढला? या चुका टाळा

नवा सायलेन्सर बसवला आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त ओरडू लागली, की बरेच जण लगेच दुसरा सायलेन्सर शोधायला निघतात. सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. दोष बहुतेक वेळा सायलेन्सरमध्ये नसतो, बसवण्यात असतो. त्यामुळे आधी आवाज ओळखा.

इंजिन थंड असताना टिक-टिक येते आणि गाडी तापली की कमी होते? मग बहुधा मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाच्या, पॅकिंगमधून गळती आहे. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, फट मिटते आणि आवाज बसतो. निफाडकडच्या थंडीत पहाटे हा आवाज स्पष्ट ऐकू येतो, दुपारी गरम गाडी गॅरेजला नेली तर मिस्त्रीला काहीच सापडत नाही. गाडी आदल्या रात्रीच तिथे लावा. जुनंच पॅकिंग परत वापरणं आणि एकेक नट एकदम पूर्ण आवळणं, ही या गळतीची नेहमीची कारणं. नट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात.

बाकीचे जोड तपासायला फार साहित्य लागत नाही. इंजिन बंद, पाइप थंड. मागून ब्लोअरने हवा सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की गळती सापडली. जोडाभोवतीची काजळीही तेच सांगते. गळती केबिनखाली असेल तर ‘नंतर बघू’ म्हणू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मुंबई-आग्रा महामार्गावर ठरावीक वेगाला केबिन घुमते आणि वेग बदलला की थांबते, ही तक्रार वेगळी. चार सिलिंडरचं इंजिन २००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ६७ ठोके देतं. असा खर्जातला आवाज दाबायला कंपनीने रेझोनेटर दिलेला असतो आणि नेमका तोच ‘उगाच वजन’ म्हणून कापला जातो. तो परत बसवा. पाइप आणखी मोठा केल्याने घुमणं जाणार नाही.

खडखड येत असेल तर सायलेन्सरचे रबर, उष्णतारोधक पत्रा आणि चॅसिसला टेकणारा पाइप बघा. द्राक्षबागेच्या कच्च्या रस्त्यावर हे लवकर सैल होतं. पण रबर काढून पाइप थेट चॅसिसला वेल्डिंग करू देऊ नका. इंजिन हलतं, पाइप हलत नाही, मग वेल्डिंग तडकतं आणि सगळी थरथर केबिनमध्ये येते.

बीएस-६ डिझेल गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तर काढूच नका. सेन्सरला ते कळतं, चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडीची ताकदही कमी होऊ शकते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्यास पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

कंपनीचा जुना सायलेन्सर भंगारात घालू नका. पासिंगच्या वेळी तोच लागेल.